सात उतरले, सहा चढले

११ नोव्हेंबर, मंगळवार

वारा पूर्ण पडलाय. पाणी इतकं नितळ की नांगर तळाला टेकताना वरून दिसला. असे दिवस हंगामात चार-पाचच येतात, आणि आज बोटीवर माणसं किती — चार! त्यातल्या दोघांना पाण्याची भीती. नवरा अर्धा तास शिडीला धरून उभा होता, नळीतून श्वास कसा घ्यायचा ते शिकवत. "तोंडाने, नाकाने नाही" — हे तो झोपेतही बरळतो. शेवटी दोघं उतरले, आणि मग वर यायला तयार होईनात. नेहमीचंच.

परवा सबंध बोट एका कुटुंबाने घेतलीय. सात जण. माझ्या आईने फोनवर सगळं ठरवून टाकलं. फोन तिच्याकडे असला की मला काही बघावंच लागत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

इंजिनचं तेल बदललं. मास्क धुऊन वाळत घातले. शिडीची एक पायरी हलत होती, ती घट्ट केली. अकरा वर्षं बोट चालवतेय, एका माणसाला साधं खरचटलेलं नाही. नवरा म्हणतो असं काही लिहू नये. लिहिलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

सकाळी आठला ते सात जण जेट्टीवर. एक आजी, तिचे तीन मुलगे, तीन सुना. आजीचा सत्तरावा वाढदिवस म्हणून ही सहल. आजी किरकोळ, ताठ, केस आखूड कापलेले. अर्ज भरायला दिले तर सगळ्यांचे थोरल्याने भरले. 'पोहता येतं का' या प्रश्नापुढे आजीसाठी 'नाही' लिहिलं. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आजीने ते वाचलं आणि चष्मा मिटून ठेवला.

पहिल्या दोन थांब्यांवर आजी बोटीतच बसून. बाकीचे पाण्यात जाऊन-येऊन थकले, मग फळं खात गप्पा मारत बसले. गप्पा कसल्या — वाटाघाटी. जानेवारीपासून आई कोणाकडे राहणार. चार-चार महिने, असं ठरत होतं. थोरला म्हणाला, उन्हाळ्यात माझ्याकडे नको, मुलांच्या परीक्षा. मधला म्हणाला, मग सामान दोनदा हलवायचं का? धाकटा नुसता माना डोलवत होता. आजी त्यांच्यापासून दोन हातांवर, मी सुकाणूच्या चाकाशी, आणि ही सगळी चर्चा तिच्या डोक्यावरून, जणू ती एखादं कपाट आहे.

आजी उठून माझ्याशेजारी येऊन बसली. पलीकडे शंभरेक मीटरवर निळी बोट नांगरून होती, ती कोणाची, कुठे जाते, विचारलं. मी सांगितलं, पलीकडच्या बंदरातल्या बोटवाल्या काकांची आहे, तिथूनच निघते, तिथेच परतते. मग म्हणाली, मलाही एक मास्क द्या.

थोरला हसला. म्हणाला, आई, तुला कुठे पोहता येतं?

ती मास्क चढवून शिडी उतरली. अंगात नारिंगी जॅकेट. पहिले चार हात मारले तेव्हाच मला कळलं — हा हात शिकलेला आहे. पाणी उडत नव्हतं, आवाज नव्हता. मी नवऱ्याला खूण केली. तोही बघत राहिला. मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. मग तेही एकेक करून उतरले. सातही जण पाण्यात.

इथे माझं चुकलं. मधली सून लगेच वर आली, तिला मळमळत होतं. मी तिला मागच्या बाजूला नेलं, डोकं धरलं, पाणी दिलं. सहा-सात मिनिटं. तेवढा वेळ माझी पाठ पाण्याकडे होती. नवरा धाकट्याचा मास्क नीट बसवण्यात गुंतलेला.

वर घेताना मोजले. सहा. पुन्हा मोजले. सहाच.

निळी बोट तोपर्यंत निघून गेली होती.

नवऱ्याने उडी मारली. मी वायरलेसवर बंदराला कळवलं, काकांच्या बोटीला हाका मारल्या — ते वायरलेस बंद ठेवतात, गाण्यात व्यत्यय येतो म्हणून. बोटीवर रडारड. थोरला माझ्यावर ओरडत होता, धाकटा मोठमोठ्याने "आई, आई" करत होता. मी त्यांना एकच सांगितलं: तुमच्या आईसारखं पोहणारा माणूस इथे बुडत नाही. प्रवाह किनाऱ्याकडे आहे, जॅकेट अंगात आहे. हे मी ठाम आवाजात सांगितलं. खरंही होतं.

गस्तीची बोट आली. घळीत, खडकांमागे, सगळीकडे फिरलो. पन्नास मिनिटं. मग वायरलेसवर पलीकडच्या बंदरातून निरोप: नारिंगी जॅकेटवाल्या एक बाई निळ्या बोटीतून इथे आल्यात, चहा पितायत.

नवरा शिडीवरच बसला. मी इंजिन चालू केलं.

गस्तीवाल्यांनी तिला विचारलं, तुम्ही हरवलात कशा? तिने सांगितलेलं आज सगळ्या बंदरात फिरतंय. "मी हरवले नाही. मी उतरले."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

परवाना काढून घेतला! बंदरावरचे साहेब माणूस म्हणून तसे बरे, पण नियम म्हणजे नियम. बोटीवरचा माणूस नोंद न होता दुसऱ्या बोटीवर गेला. चौकशी गुरुवारी. तोपर्यंत बोट जेट्टीला बांधलेली. त्यात थोरल्याने लेखी तक्रार दिलीय: 'न पोहणाऱ्या वृद्ध महिलेला पाण्यात उतरवले, लक्ष ठेवले नाही.' परवाना कायमचा रद्द करा म्हणतोय.

आई दिवसभर फोनवर. आठवड्याचं सगळं बुकिंग पुढे ढकललं, एकही रद्द होऊ दिलं नाही. तिला ते छान जमतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काकांकडे गेले. आधीच रागात होते, त्यांनाही साहेबांनी झापलंय. म्हणाले, बाई शिडी धरून वर आली, मी विचारलं चुकून आलात का, तर म्हणाली, नाही, मुलांना सांगून आलेय, मला पलीकडे सोडा. इतक्या शांतपणे बोलली की खोटं वाटलंच नाही. आणि पोहत आली ती अशी, की यांच्या बोटीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिचा पत्ता दिला त्यांनी. ती मुलांबरोबर घरी गेली नाही, तिथेच बंदरात राहिलीय; मुलांना पत्ता दिलेला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजीला भेटले.

दोरखंडाच्या दुकानावरची खोली. एक खाट, एक खुर्ची, स्टोव्ह, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. नारिंगी जॅकेट घडी करून खुर्चीवर ठेवलेलं, परत द्यायला. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. ती चहा करायला लागली तरी मी थांबले नाही. म्हटलं, आजी, पन्नास मिनिटं माझा जीव गेला होता. माझा नवरा खडकांत हात घालघालून तुम्हाला शोधत होता. आणि आता माझी बोट बांधलेली आहे.

तिने स्टोव्ह बंद केला. समोर येऊन बसली.

"ते माझं चुकलं," म्हणाली. "मुलांना धडा मिळावा एवढंच डोक्यात होतं. तुझा विचार केला नाही. गुरुवारी मी येते आणि सगळं सांगते."

मी एवढी तयारी करून गेलेले, आणि समोरचा माणूस सरळ चूक कबूल करतो! राग कुठे ठेवावा कळेना. मग चहा प्यायले.

लग्नाआधी ती मुलींना पोहायला शिकवायची. आठ वर्षं. लग्नानंतर सासरी नको म्हणाले, ते राहून गेलं. मुलांना माहीत नाही? विचारलं. म्हणाली, त्यांनी कधी विचारलं नाही, आणि आपणहून काय सांगायचं. पुढे म्हणाली, त्या दिवशी पाण्यातून बोटीकडे पाहिलं. मधला न् थोरला पाण्यातसुद्धा तेच बोलत होते, सामान कोण हलवणार. कोणी मागे वळून बघेना. दुसरी बोट तेवढ्याच अंतरावर होती.

या खोलीचं एक महिन्याचं भाडं तिने पेन्शनमधून भरलंय. पुढचं पुढे, म्हणाली. सकाळी बंदराशेजारी पोहायला जाते.

परत येताना बसमध्ये मी एकटीच हसत होते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नुसतं बसवत नाही. शिडीजवळ एक फळी ठोकली. नऊ खिळे, नऊ बिल्ले, बिल्ल्यांवर आकडे. पाण्यात उतरताना बिल्ला गळ्यात, वर आल्यावर परत खिळ्यावर. एक जरी खिळा रिकामा, इंजिन चालू होणार नाही. नवरा म्हणाला, परवाना मिळाला नाही तर? म्हटलं, मिळणार.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मिळाला!!

साहेबांच्या खोलीत आम्ही सगळे. पंखा करकरत होता. तिन्ही मुलगे एका बाकावर. आजी दाराजवळच्या खुर्चीत, मुलांपासून लांब. थोरल्याने पाठ करून आणल्यासारखं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, आईचं वय झालंय, तिला आता नीट कळत नाही, हे बोटवाल्यांनी ओळखायला हवं होतं.

साहेबांनी आजीकडे पाहिलं. आजीने माझ्याकडून तो अर्ज मागून घेतला, चष्मा लावला, आणि 'नाही' या शब्दावर बोट ठेवलं.

"हे अक्षर माझं नाही," म्हणाली. "पन्नास वर्षांपूर्वी मी सदतीस मुलींना पोहायला शिकवलं. एकीलाही बुडू दिलं नाही. याने मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

मग तिने मी सांगितलं नव्हतं तेही सांगितलं: बोटवाली बाई माझ्या आजारी सुनेला सांभाळत होती तेवढी संधी साधून मी गेले, तिला फसवलं, याबद्दल मला जो दंड असेल तो करा.

धाकटा रडायला लागला. मला वाटलं आता नाटक सुरू. पण नाटक नव्हतं. तो उठून आईच्या खुर्चीशी खाली बसला. म्हणाला, आई, तू घरी चल ना, माझ्याकडेच राहा, बारा महिने. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आत्ता नाही, म्हणाली. कळवेन.

तक्रार मागे घेतली. थोरल्याने सही केली आणि कोणाकडे न बघता बाहेर गेला. जाताना दाराशी थबकला, वळून आईला एवढंच म्हणाला, की एकटी राहतेयस, स्टोव्ह जपून वापर. तेवढ्यापुरता मला तो आवडला.

मला लेखी ताकीद. बरोबरच आहे, पाठ माझीच होती. साहेबांना फळीचं सांगितलं तर म्हणाले, सगळ्या बोटींना लावायला सांगतो. काकांना वायरलेस चालू ठेवायची सक्ती. काका माझ्याकडे बघून गुरकावले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिली फेरी. नऊ बिल्ले गेले, नऊ परत आले. इंजिनचा आवाज इतका गोड कधी लागला नव्हता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नणंद आणि तिचा नवरा जेवायला. आजीची गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली, आता मला ती चांगली सांगता येते. थोरल्याची नक्कल केली, सगळे हसले. मी म्हटलं, तीन मुलगे, तिघेही शिकलेले, आणि एकालाही वाटलं नाही की आईला विचारावं, तुला काय हवंय! इतकी वर्षं एका घरात राहून माणूस माहीत नसतो म्हणजे काय! नणंद म्हणाली, तू वकील व्हायला हवी होतीस.

आईने एकच विचारलं. त्या खोलीला खिडकी आहे का? हा काय प्रश्न! आहे म्हटलं, बंदराकडे.

२३ नोव्हेंबर, रविवार

दोन फेऱ्या, दोन्ही भरलेल्या. आज एका माणसाला कासव दिसलं. तो वर येऊन सगळ्यांना हातांनी त्याचा आकार दाखवत सुटला. म्हणूनच हे काम सोडवत नाही. पुढचे दोन आठवडे एक जागा शिल्लक नाही. हा हंगाम आपला आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सातला मी जेट्टीवर निघाले होते. आई बाहेरच्या खोलीत, चांगली साडी नेसून, पायाशी बॅग. फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, मावशीकडे चाललेय, दोन महिने तरी, पुढचं तिथून कळवेन. आठची बस आहे.

मी म्हटलं, "अगं, मग बुकिंग कोण घेणार?"

तिने बॅग उचलली. आत्ता, ती गेल्यावर, वर लिहिलेलं वाचतेय — मी तिला विचारलेली पहिली गोष्ट ही होती.