काळ्या डोळ्यांचं गाणं आणि नवरीची आत्या

त्रानी, मंगळवार

प्रिय जेरार्दोमामा,

तुमच्या दोन्ही गालांना मुके. गुडघे काय म्हणतात? पत्र मी आज-उद्यावर ढकलत राहिलो, कारण शाई नव्हती. शाई मिळाली तेव्हा अंजिरं आली. (अंजिरांचं पुढे सांगतो.) आधी आभार. गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस फासून, त्याला तसंच ताटकळत ठेवून तुम्ही मला मेंडोलिन शिकवलंत, त्यावरच आज माझं पोट भरतं.

परवा माझा मित्र रोक्को याचं लग्न होतं. रीत तुम्हाला ठाऊकच आहे: आदल्या संध्याकाळी नवरीच्या सज्जाखाली गाणं व्हायचं. ती दिवा लावून बाहेर आली तर लग्न, नाही आली तर वऱ्हाडी आपापल्या घरी. रोक्कोचा गळा म्हणजे बोटीचा भोंगा, म्हणून गायला मी. गाणं तुमचंच: काळेभोर डोळे, डाव्या कानाखाली तीळ, आणि अशी चाल की पाद्रीबुवा प्रार्थना विसरावेत. असा रंगलो की कोळिणींनी हातातले मासे खाली ठेवले.

एवढंच झालं, की नवरी लिलियाना सोनेरी केसांची आणि घाऱ्या डोळ्यांची. हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. तिचा सज्जा काळोखात. दिवा लागला तो वरच्या मजल्यावर, तिच्या आत्याचा. फिलोमेनाबाई, पन्नाशीच्या, बिनलग्नाच्या, कानांत डूल घालून बाहेर आल्या आणि त्यांनी दोरीनं टोपली खाली सोडली. (अंजिरं ती हीच.) खालच्या सज्जातल्या काळोखातून नवरी म्हणाली, "रोक्को, आत्याच हवी असेल तर तसं सांग. माझा झगा थोडा उसवला की तिला होईल."

रोक्को पांढराफटक. मी ठोकून दिलं, की आमच्या गावी आधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या रूपाचं कौतुक करतात, मग नवरीच्या. आत्याबाई वरून म्हणाल्या, "बरोबर बोलतोय पोरगा. लिलियाना, लाव दिवा, तुझा नवरा उभ्या उभ्या वाळतोय." दिवा लागला, लग्न झालं, आणि मी सलग तीन पंगतींना बसलो.

तुमचा ऋणी भाचा,
सबीनो

ता. क. गाणं कुणाचं, असं आत्याबाईंनी नंतर विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताल धरताना अजून डावा जोडा काढतो का रे?" मामा, त्यांच्या डाव्या कानाखाली तीळ आहे. तुम्ही तर म्हणायचात, गाण्यातली बाई मनची आहे. तेव्हा विनंती एवढीच, न्हावी असून वाढवलेली ती दाढी उतरवा आणि त्यांना चार ओळी लिहा.

पुन्हा ता. क. ओळी राहू द्या. आत्याबाई आत्ताच दारात येऊन उभ्या राहिल्यात, हातात कपड्यांची पेटी घेऊन. टपालाचा भरवसा नाही, पत्र मीच पोचवते म्हणतात. म्हणजे दाढीचंही राहिलंच. मामा, वाचत काय बसलात? वर बघा.