वाळवंटात फोन लागत नाही, सबब रजा मिळण्याबाबत

दिनांक : ३ जून

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
पाणीपुरवठा विभाग, वरचा झोन.

विषय : दि. २ ते २३ जुलै अशी बावीस दिवसांची अर्जित रजा, पत्त्याविना मंजूर होण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे दि. ११, १९ व २७ मे रोजीचे अर्ज आणि त्यांवरील आपले तीन शेरे.

महोदय,

१. अर्जदार या विभागात एकोणतीस वर्षे व्हॉल्वमन असून, हा चौथा अर्ज घेऊन आपल्या दारात उभा आहे. पहिल्या अर्जावर आपण "पाणीपुरवठ्याचा माणूस वाळवंटात जाऊन काय करणार?" असा शेरा मारलात. शेरा वाजवी आहे. सदर वाळवंट चौदा हजार फूट उंचीवर असून तिथे वर्षाकाठी बोटभर पाऊस पडतो, तोही पडला तर. तरीही तिथले लोक पहाटे पाचला कोणाचे दार ठोठावून पाणी का आले नाही असे विचारत नाहीत, अशी माहिती आहे. ही माणसे अर्जदारास एकदा डोळ्यांनी पाहायची आहेत.

२. दुसऱ्या अर्जात "रजेच्या काळातील पत्ता" या रकान्यात अर्जदाराने पत्नीच्या सांगण्यावरून "खिंड ओलांडून दोन दिवस पायी, नदी उजव्या हाताला ठेवून तिसरा डोंगर" असे लिहिले. आपण त्यावर "पिनकोड?" एवढेच लिहिलेत. तिसऱ्या अर्जात अर्जदाराने खरे ते कळवले की तिथे पिनकोड नाही आणि फोनही लागत नाही. तो "फोन लागेल असे ठिकाण निवडावे" या शेऱ्यासह परत आला. हा शेरा अर्जदाराने जेवताना पत्नीस वाचून दाखवला. तिने पानातली भाजी काढून घेतली नाही, पण पुन्हा वाढलीही नाही.

३. या सहलीची आखणी सदर पत्नी नऊ वर्षे करीत आहे. त्यासाठी तिने दोनशे पानी वही घातली असून तीत कोणत्या दिवशी कोणते मोजे घालायचे इथवर नोंदी आहेत. तिथला रस्ता वर्षातून दहाच आठवडे उघडा असतो आणि नेमके तेच आठवडे आपल्या झोनमध्ये पावसाळी गढूळ पाण्याची ओरड असते. त्यामुळे अर्जदार दरवर्षी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत आला आणि पत्नी वहीतली तारीख खोडून नवी घालत आली.

४. पहारेकऱ्याने आपल्याकडे जो अहवाल दिला, की एक अनोळखी बाई पाठीवर बोजा घेऊन रोज सकाळी उंच टाकीच्या पायऱ्या चढते-उतरते व विचारल्यास "सराव" असे उत्तर देते, त्याबाबत खुलासा करण्यात येतो की ती बाई अर्जदाराची पत्नी असून बोज्यात दहा किलो रद्दी होती. टाकीला पायऱ्या एकशे बारा आहेत. त्या अनधिकृतपणे चढल्याबद्दल अर्जदार दिलगीर आहे. पत्नी दिलगीर नाही.

५. या सरावाने तिचे गुडघे सुजले, म्हणून डॉक्टरांकडे जावे लागले. त्यांनी गुडघ्यांचा फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "चालायचं असेल तर यंदाच जाऊन या. पुढच्या वर्षी मी नाही म्हणेन." परत आल्यावर घराचे कुलूप काढता काढता पत्नी म्हणाली, "तुमच्यावाचून गावाचं अडत असेल नसेल, मला माहीत नाही. माझं अडतंय."

६. सबब अर्जदार पुढील बाब लेखी कबूल करतो. आपल्याला रजेच्या काळातला फोन का हवा असतो ते अर्जदारास ठाऊक आहे. नात जन्मली तेव्हा दवाखान्यात पोचून तास झाला नव्हता, तोच चौदा नंबरच्या व्हॉल्वसाठी आपला फोन आला व अर्जदार नातीचे तोंड घाईने पाहून परतला. तो व्हॉल्व अर्जदाराच्याच हाताने उघडतो, अशी विभागात समजूत आहे. ती अर्जदारानेच पसरवली. फोन आल्यावर अर्जदारास मनातून गुदगुल्या झाल्या होत्या, हेही लपवत नाही. वस्तुस्थिती अशी की बाकीचे सगळे व्हॉल्व डावीकडे फिरवले की उघडतात, चौदा नंबरचा उजवीकडे उघडतो. सतरा आटे द्यावेत आणि अर्धा मागे घ्यावा, नाहीतर तो अडकून बसतो. यापलीकडे त्यात काही कसब नाही. अर्जदाराने हे तो व्हॉल्व बसवल्यापासून एकोणीस वर्षे कोणास सांगितले नाही.

७. परवा अर्जदाराने हे सर्व सहायक व्हॉल्वमन यांना शिकवले. ते अकरा वर्षे नोकरीत आहेत आणि त्यांना हे कळायला पाच मिनिटे लागली. काल पहाटे ते चौदा नंबरच्या चेंबरवर एकटेच गेले. अर्जदार स्वयंपाकघरात नळापाशी उभा राहिला. नेहमीप्रमाणे सहा वाजून दहा मिनिटांनी पाणी आले, नेहमीच्याच जोराने. अर्जदार ते बराच वेळ बघत राहिला. पत्नीने हंडा लावला, अर्जदाराकडे पाहिले आणि हंडा भरल्यावर स्वतःच नळ बंद केला. अर्जदारास वाईट वाटले. नंतर तिने वही काढून यंदाची तारीख शाईने गिरवली, तेव्हा तितके वाटले नाही.

तरी रजा मंजूर व्हावी, ही विनंती. पत्त्याचा रकाना या वेळी कोराच ठेवला आहे.

आपला आज्ञाधारक
(दि. २ ते २३ जुलै वगळून),
वरिष्ठ व्हॉल्वमन, वरचा झोन

सोबत :
१) पूर्वीचे तीन अर्ज, शेऱ्यांसह.
२) पत्नीच्या गुडघ्यांबाबत डॉक्टरांचा दाखला.
३) चौदा नंबरची चावी, एक नग. मुठीला पत्नीच्या जुन्या साडीची चिंधी गुंडाळली आहे, ती काढू नये. हाताला फोड येत नाहीत.