फक्त काजबटण राहिलंय

प्रिय ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा प्रभूमध्ये सलाम. तुझे गुडघे कसे आहेत, दाजींचा खोकला गेला का, आणि नवरी मुलगी नीट जेवते का, की लग्न जवळ आलं म्हणून नुसत्या चहावर राहते? आम्ही सगळे देवाच्या कृपेने बरे आहोत. (माझी पाठ धरली आहे, पण ती तर बाबांकडून दुकानाबरोबरच मिळाली.)

तुझं पत्र पोचलं. त्यात ख्यालीखुशाली काही नाही, नुसतं ‘दाजींचा कोट झाला का?’ एवढंच. मुलीचा हात धरून तिला वेदीपर्यंत न्यायचं आणि अंगात कोट नाही, या विचाराने तुझी झोप उडाली असणार. उत्तर देतोच, पण आधी इकडे काय झालं ते ऐक, नाहीतर उत्तर तुला पटायचं नाही.

मध्यंतरी पाळकसाहेबांनी उपदेश केला, की विश्वासणाऱ्याने हो म्हटलं की ते हो असावं, नाही म्हटलं की नाही. शपथा आणि सबबी लागू नयेत. मंडळी माना डोलवत होती. मीही डोलवली, आणि मग लक्षात आलं की पुढच्या बाकांवरची माणसं मागे वळून माझ्याकडेच बघताहेत. प्रत्येकाचं काही ना काही माझ्या दुकानात अडकलेलं, आणि प्रत्येकाला मी एकच सांगितलेलं: झालंच आहे, फक्त काजबटण राहिलंय. ताई, आमच्या धंद्यात याला कोणी खोटं धरत नाही. कापड अजून गाठोड्यातच आहे हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं. (तरी ते विचारतं, आणि तरी मी सांगतो.) पण त्या दिवशी ते मला लागलं, आणि यापुढे खरं तेच बोलायचं असं ठरवून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई आल्या. मी सांगितलं, “बाई, तुमच्या कापडाला अजून कात्रीसुद्धा लागलेली नाही.” त्यांनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, मग कापड उचललं आणि समोरच्या शिंप्याकडे गेल्या. तो त्यांना काय म्हणाला ते इकडे ऐकू आलं नाही, पण बाई हसत बाहेर पडल्या. त्यांच्यामागून औषधवाला गेला, बेकरीवाला गेला. दुकान इतकं मोकळं झालं की इस्त्री ठेवायला जागा सापडली. ही म्हणाली, “खोटं बोलू नका हे ठीक, पण म्हणून सगळं सांगत सुटायचं?”

शेवटी पाळकसाहेब स्वतः त्यांच्या झग्याची चौकशी करायला आले. त्यांनाही मी खरं ते सांगितलं. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, “अरे, निदान काजबटण राहिलंय असं तरी म्हणायचंस.” मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. जाताजाता मात्र त्यांनी विचारलं, कापड घेताना तू सगळ्यांना हो का म्हणतोस?

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. खोटं काजबटणात नव्हतंच, ताई, ते आधीच्या ‘हो’मध्ये होतं. समोरच्याचा चेहरा पडू नये, आपल्याला कोणी वाईट म्हणू नये म्हणून मी हो म्हणत आलो, आणि वर त्याला चांगुलपणा समजत आलो. तो भित्रेपणा होता. आता नवीन कापड आलं की आधी फळीवरच्या गाठोड्यांकडे बघतो आणि पुष्कळदा नाही म्हणतो. जीभ अजून अडखळते. धंदा कमी झाला आहे, पण बाई परत आल्या. (समोरच्या शिंप्याकडे त्यांचं फक्त काजबटण राहिलं होतं.) मी त्यांना पुढच्या महिन्यात देतो म्हटलं. “नक्की?” असं त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं, आणि त्या कापड ठेवून गेल्या. मला फार बरं वाटलं.

भाचीला आशीर्वाद, दाजींना सलाम.

तुझा,
धाकटा

ता. क. हिने पत्र वाचलं. म्हणते, सगळं लिहिलंत, कोटाचं कुठे आहे? तर कोट शिवून झाला आहे. अस्तर लावलं, बाह्या बसवल्या, दाजींचा एक खांदा खाली आहे तोही सांभाळून घेतला. फक्त काजबटण राहिलंय.

आणखी ता. क. वरचं वाक्य खरं आहे. दुसऱ्या शब्दांत लिहून पाहिलं, जमलं नाही. इतकी वर्षं ते इतक्यांदा वापरलं, की आज ते खरं असताना माझी सख्खी बहीणही त्यावर विश्वास ठेवणार नाही, याचं मला वाईट वाटतं.

शेवटचा ता. क. राहिलंय ते का, तेही लिहितो. बटण हातात आल्याशिवाय काज कापता येत नाही. बाबांच्या कोटाची बटणं दाजींच्या कोटाला लावायची असं तूच ठरवलंस, आणि मापं देताना म्हणालीस, “हो रे, उद्याच पाठवते.” तर ताई, पाठवतेस ना? हो की नाही, एवढंच कळव.