पट्टा बांधल्यावर

बुधवार, १२ मार्च

ती. दादा,

नमस्कार. मी सुखरूप पोचले. आईच्या कपाळाचे टाके सोमवारी काढायचे आहेत, विसरू नकोस. खुशाली इथे संपली. पुढचं रागावून लिहिते आहे.

आई न्हाणीघरात पडली ती ओल्या फरशीमुळे नाही. शेजारच्या नर्सताईंनी लगेच मोजला तेव्हा तिचा वरचा रक्तदाब ९४ होता. डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली ती तुझी वही बघून: १७२, १७८, १८०. हे आकडे तू कसे मिळवतोस ते मी चार दिवस पाहिलं. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं आणि उलटतपासणी सुरू.

"वरून मीठ घेतलंस ना? खरं बोल!"

"अरे, चिमूटभर."

"चिमूटभर? मग काय मशीन खोटं बोलतंय?"

मशीन खोटं बोलत नाही. मी प्रयोगशाळेत रोज हेच पाहते. धमनीचा दोराएवढा तुकडा असतो. त्यावरच्या मज्जातंतूंना हलका झटका दिला की त्यांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सुटतं आणि काही सेकंदांत धमनी आवळते; अंगात असं झालं की रक्तदाब चढतो. आईला तो झटका तू देत होतास. आणि फाशी बिचाऱ्या मिठाला! तू कामावर गेल्यावर तिला पाच मिनिटं शांत बसवून मी मोजला, तो १३८ आला. तिला रक्तदाब आहेच, गोळीही हवी. पण दुप्पट? डॉक्टरांना दोन्ही आकडे दाखव, आजच.

"चार दिवसांची पाहुणी, मला शिकवू नकोस," असं तू म्हणालास. बरं.

तरी एक गोष्ट राहते. मी पाठवलेल्या त्या मशीनमध्ये वेळाही साठतात. तुझ्या वहीत त्या नाहीत. सगळ्यांत मोठे आकडे रविवारचे आहेत, सकाळी नऊ ते सव्वानऊमधले. तेव्हा फोन स्पीकरवर असतो आणि पलीकडून कुणीतरी विचारत असतं, "किती आला? पुन्हा मोज." मग आपली जुंपते. पट्टा तिच्या दंडालाच असतो.

हे मला शनिवारीच दिसलं होतं. तुझ्यासमोर तोंड उघडलं नाही.

या रविवारी नऊला फोन करीन. आकडा विचारणार नाही. तू मशीन कपाटात ठेव आणि तिला बोलू दे. भांडायचं असेल तर नंतर जिन्यात जाऊन मला फोन कर.

त्या १८० मधली निम्मी वाटेकरी,
तुझी धाकटी