धुतलेले मफलर

सोमवार, संध्याकाळ
पोचलो एकदाच्या! दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं, मधे एकच रस्ता, दगडी घरं, नदीकाठी बंद पडलेली पाणचक्की. इतकी शांतता, की ताईच्या तोंडाला सुट्टी नसते हे लगेच सगळ्या गावाला कळलं. आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं, आणि शाळेतल्या नोकरीला लागल्यापासून ही तिची पहिली खरी सहल. ज्यांच्याकडे खोली घेतली त्या काकूंनी किल्लीच्या आधी हातात दोन लोकरी मफलर ठेवले. मळकट, तेलकट, मेंढ्यांचा आणि कुत्र्यांचा मिळून वास. ऊन असो की वारा, बाहेर पडताना गळ्यात हवाच, म्हणाल्या. इथे मेंढ्या राखणारे कुत्रे दिवसभर मोकळे असतात आणि आपलं माणूस या वासावरून ओळखतात. ताईने असं नाक मुरडलं, की काकूच हसल्या.

मंगळवार
सकाळी इथलं चिमुकलं संग्रहालय पाहिलं. राखणदार आजोबा अभिमानाने सांगत होते, जुन्या लढाईत शत्रू गावकऱ्यांचेच कपडे घालून आत शिरला आणि त्याने अर्धं गाव कापलं. तेव्हापासून इथले कुत्रे चेहरा, कपडे, आवाज कशालाच भुलत नाहीत. फक्त वास. भिंतीवर चित्र आहे, तीन कुत्रे एका सैनिकाला फाडतायत. आमच्या नववीच्या वर्गासाठी असला एक न्यायला हवा, म्हणाली ताई.

दुपारी सायकलींवर टेकडी. अर्धी मी चढले, अर्धी सायकल ढकलली. वाटेत कुत्रे आले, वासरांएवढे. मफलर हुंगले, शेपट्या हलवल्या. एकाला खाजवलं तर पायाशीच लोळला, लबाड कुठला!

बुधवार
घाण दिसली की ताईचे हात शिवशिवतात. काकू शेतावर गेल्या आणि बाईसाहेबांनी दोन्ही मफलर साबण लावून खसाखसा धुतले. उन्हात वाळलेसुद्धा. आता कसे माणसांत आले, म्हणाली. मीही हसले. होडी घ्यायला नदीवर निघालोय, बाकीचं आल्यावर.

बुधवार, पाणचक्कीत
बांधावर कालचेच कुत्रे होते. मी ओळखीने शीळ घातली. मी! पहिल्याने ताईची पोटरी धरली, दुसऱ्याने दंड. मांस फाटल्याचा आवाज मी ऐकला. मेंढपाळ धावत आला, काठी घालून एकाचा जबडा सोडवला, ताईचा मफलर हुंगला आणि पांढराफटक पडला. कुणी धुतला, एवढंच विचारून तो गावाकडे पळाला. मी दगडाने एकाचा डोळा फोडला. ताईला ओढत इथे आणलं, दाराला अडसर घातला. दोघींचेही फोन बांधावरच पडले. पोटरीचं हाड दिसतंय. शर्ट फाडून बांधलाय, तरी रक्त थांबत नाही.

बाहेर ते पंज्यांनी दार ओरबाडतायत.

गुरुवार, सकाळ
काकू खिडकीशी आल्या, रडत. एकदा तोंडाला लागलं की त्या रक्ताचा वास हे कुत्रे सोडत नाहीत, म्हणाल्या, माणूस संपेपर्यंत. कुत्र्यांना गोळ्याच घालाव्या लागतील. मग घाला ना, मी ओरडले. गाव तयार नाही. कुत्रे गेले तर लांडगे एक मेंढी ठेवणार नाहीत, आणि मेंढ्या गेल्या तर गाव बुडालं. सगळ्यांनी मिळून ठरवलंय. ठरवलंय म्हणे! स्वतःचा मफलर त्यांनी गजांतून आत टाकला. एकच. धाकटीसाठी. तिच्या अंगावर रक्त निघालेलं नाही, म्हणाल्या.

मी तो ताईच्या गळ्यात घालते. ती काढते. पुन्हा घालते. तापाने फणफणलीय, तरी मलाच दटावतेय.

हिला टाकून मी कुठेही जाणार नाही.

गुरुवार, दुपार
डोळा लागला माझा. जागी झाले तर मफलर माझ्या गळ्यात. दार उघडं. फरशीवर सरपटत गेल्याचा लाल पट्टा—

ताई, नको गं—

गव्हात काहीतरी ओढत नेतायत. ती एकदाच ओरडली. पळ, म्हणाली—

ते आत आलेत. तोंडं लाल. पुढच्याने मफलर हुंगला. शेपूट हलतेय. बसला. ओळखतो मला, मेला. ताई, जमलं गं तुझं, सोडतायत मला—

हात चाटतोय.

रात्रभर जखम दाबून धरली होती मी. कोपरापर्यंत सगळं तिचंच रक्त—

शेपूट थांब