प्रदर्शनातील वस्तूंना हात लावू नये

पुणे, १२ एप्रिल २००१

ती. मंदाताईस,
दिगंबरचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून कागद घेतला. यंदा मे महिन्यात उत्कर्षा मूर्तिजापूरला येईलसं दिसत नाही. आनंदने आणि सूनबाईंनी नातीचं नाव सदाशिव पेठेतल्या एका विज्ञान शिबिरात घातलं आहे. ‘कृतीतून विज्ञान, वय वर्षे सहा ते आठ.’ चालवणाऱ्या बेहेरेबाई निवृत्त मुख्याध्यापिका. नाव घालायला गेलो तर त्यांनी विचारलं, की मूल शी-शू नीट सांगतं का आणि पालक मध्ये मध्ये बोलतात का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आनंद देत होता, तोवर बाईंनी ते स्वतःच लिहून टाकलं.

पोरीला आत्याआजीकडे जाऊ द्या, असं मी म्हणून पाहिलं. त्यावर चिरंजीव म्हणाले, की बाबा, कंपनीत मुलाखतीला येणारी पोरं सगळं पाठ करून येतात, हाताने कुणी काही केलेलं नसतं. आपली उत्कर्षा तशी व्हायला नको. त्याचं म्हणणं बरोबरच होतं.

राग येईल, तो पत्रानेच पाठव. लोभ आहेच.

तुझा,
दिगंबर


मूर्तिजापूर, १९ एप्रिल

चि. दिगंबर यास,
अनेक आशीर्वाद.

राग आला. दोन दिवस थांबून लिहिते आहे, तरी थोडा उरलाच.

सात वर्षांच्या लेकराला विज्ञान शिकवायला मे महिनाच सापडला का बाप्पा तुमच्या पुणेकरांना? तुझे भाऊजी गेल्यापासून या घरात मोठ्याने बोलणं होतं ते ती पोट्टी आली की. एरवी मी भिंतीशी बोलते, आणि भिंत पुण्यात वाढल्यासारखी उत्तर देत नाही. मागच्या वर्षी निघताना तिने मला बजावलं होतं, की पुढच्या खेपेपर्यंत सायकलची हवा जाऊ देऊ नकोस. मी दर पंधरवड्याला भरून आणते. दुकानदार विचारतो, काकू, चालवते कोण? त्याला काय सांगू?

आनंदला माझे आशीर्वाद सांग. सूनबाईंनाही. मी रागावले आहे हे सांगू नको, ते त्यांना कळू दे.

माया आहे तशीच आहे.

ताई


पुणे, २ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राची घडी खिशातच ठेवली आहे.

शिबिराचा पहिला आठवडा झकास गेला. पोरांनी फुगे फुगवले, मटकीला मोड आणले. मग बाईंनी सांगितलं, की प्रदर्शनासाठी प्रत्येकाने घरून एक प्रतिकृती करून आणायची, स्वतःच्या हाताने. तेव्हापासून बुधवार पेठेतल्या माझ्या विजेच्या सामानाच्या दुकानात गणपतीच्या आदल्या दिवशीसारखी गर्दी आहे. गळ्यात कंपनीची ओळखपत्रं अडकवलेले बाप येतात, छोटी मोटार मागतात आणि हळूच विचारतात, की बाकीच्यांनी काय नेलं. एकाला मी विचारलं, मुलगा काय बनवतोय? म्हणाले, मुलगा आजोळी आहे, प्रदर्शनाला येईल.

आमच्याकडे लिफ्ट होते आहे. आनंदने रजा काढली, संगणकावर कामाचं वेळापत्रक आखलं, कंपनीतला मित्र तपासणीला आणला. उत्कर्षाला स्टुलावर बसायची परवानगी आहे. तिला काड्यापेटीची लिफ्ट करायची होती, दोऱ्याने ओढायची. बाबा म्हणाला, त्याला फिनिश येणार नाही.

आता महत्त्वाचं. महिनाभराचं वाटलेलं शिबिर प्रदर्शनाबरोबरच संपतं आहे. पहिला नंबर येईल त्याला पुढच्या बॅचमध्ये जागा, थेट मेअखेरपर्यंत. नाही आला तर मी स्वतः तिला महाराष्ट्र एक्स्प्रेसने घेऊन येतो, तिकिटं काढून ठेवली आहेत. काल पोरीने मला कानात विचारलं, की आजोबा, नंबर येऊ नये म्हणून काय करायचं असतं? मी सांगितलं, बाबाला विचारू नकोस, त्याला ते येत नाही.

लोभाची वीज चालू ठेव.

दिगंबर


मूर्तिजापूर, ५ मे

चि. दिगंबर यास,
आशीर्वाद.

लेकराला हरायला शिकवू नको. माझ्यापायी तर मुळीच नको. आज देवापुढे बसले, काही मागितलं नाही. पण खोटं कशाला सांगू, लवकर उठलेही नाही.

ताई


पुणे, ७ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल प्रदर्शन झालं. दारातच बाईंची पाटी होती: ‘प्रदर्शनातील वस्तूंना हात लावू नये. मोडल्यास करून द्यावी लागेल. कारणे सांगू नयेत.’ मुलांनी ती तंतोतंत पाळली. प्रत्येक मूल आपल्या वस्तूपासून हातभर लांब, हात मागे बांधून उभं.

परीक्षक एक निवृत्त प्राध्यापक होते. पवनचक्कीपाशी त्यांनी मुलाला विचारलं, की ही फिरते कशाने? पोराने बापाकडे पाहिलं, बापाने उत्तर दिलं. पुढच्या टेबलाशीही तेच. मग आमची लिफ्ट. यात सगळ्यात अवघड काय गेलं, असं त्यांनी उत्कर्षाला विचारलं. ती म्हणाली, की स्टुलावर बसणं. हात लावला की बाबा म्हणायचा, वायर सुटेल. पलीकडचा मुलगा लगेच म्हणाला, की त्याला तर स्टूलही दिलं नव्हतं. मग काय, सगळं सभागृह बोलायला लागलं.

प्राध्यापकांनी आनंदला विचारलं, मोटार उलटी कशी फिरवली? ताई, तो अर्धा तास बोलला. इतका खूश मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. दिवसभर पडद्यासमोर बसून त्याच्या हाताला असं काही लागतच नाही.

निकाल लागला. पहिला नंबर लिफ्टचा. बक्षीस आणि पुढच्या बॅचमधली जागा, ज्याने ती केली त्याला, म्हणजे आनंदला. टाळ्या झाल्या. सूनबाई लाल झाल्या. आनंदला राग येईल असं वाटलं होतं. त्याने बॅचची वेळ विचारली. बेहेरेबाई म्हणाल्या, सकाळी आठ, आणि पालकांनी बाहेर थांबू नये.

आम्ही गुरुवारी निघतो.

बाकी समक्ष.

दिगंबर


मूर्तिजापूर, १७ मे

चि. दिगंबर यास,
आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलास हे कळलं. इथे तुझी नात सकाळपासून गच्चीवर आहे. अंगणातल्या कैऱ्या टोपलीत घालून वर ओढायच्या, असं तिचं ठरलं आहे. दोरी माझ्या जुन्या लुगड्याच्या काठाची. गाठ सुटते, टोपली पडते, कैऱ्या नालीत जातात. ती खाली येते, धुते, पुन्हा भरते. मघाशी मला राहवलं नाही, मी गाठ मारायला हात पुढे केला. तिने नुसतं पाहिलं माझ्याकडे. मी पायरीवर जाऊन बसले. अवघड आहे रे ते. आनंदला उगाच हसलो आपण.

त्याचाही फोन आला होता. विचारत होता, काय करून राहिली? सांगितलं. म्हणाला, आत्या, तिला फोन दे, गाठ कशी मारायची ते मी दोन मिनिटांत समजावतो.

मी फोन ठेवला. मूर्तिजापूरची लाइन गेली म्हणून सांग त्याला. मे महिनाभर जाईल.

वरून हाक येते आहे, म्हणून इथेच थांबते.

तुझी
ताई