तिच्यासाठी दिलेली चिठ्ठी

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता अकोल्यात, जठारपेठेत, गणिताच्या शिकवण्या घेते. भातकुलीच्या शाळेत तुमच्यासमोर पहिल्या बाकावर आम्ही दोघी मैत्रिणी बसायचो. माझी गणितं आधी सुटायची. तुम्ही माझ्या वहीवर बरोबरची खूण करून पुढे सरकायचात. तिचं मात्र अर्धंच जमलं असलं तरी थांबून म्हणायचात, "वा पोरी! तुले जमते. कर पुढं." ती लाजायची आणि दुसऱ्या दिवशी दहा गणितं जास्तीची करून आणायची. मी पंधरा आणायचे, तरी मला तीच खूण. एकदा मी मुद्दाम चुकले, तर तुम्ही म्हणालात, "तुह्याकडून असं नोतं वाटलं मले."

दहावीत तिची आई आजारी पडली. मळ्यातली वांगी, मेथी तोडायला ती घरी राहिली, ती महिनाभर आलीच नाही. तुम्ही मला चिठ्ठी दिलीत, तिच्या हातात द्यायला. मी ती वाटेतच उघडते. "तुझी बुद्धी चांगली आहे. शाळा सोडू नको. संध्याकाळी घरी ये, राहिलेलं मी शिकवतो." मला तुम्ही कधी एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. मी चिठ्ठी फाडते आणि नाल्यात टाकते. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारता. मी म्हणते, "देली, सर." ती आली नाही. तिने शाळा सोडली ती कायमची.

गेल्या महिन्यात ती मुलीला शिकवणीला घालायला माझ्याकडे आली. म्हणाली, "पोरीले दोन शब्द चांगले बोलत जाय. मले वाटे, सर एक खेप तरी निरोप धाडतीन. नाही धाडला. मंग मनलं, आपल्यात काही नसंन."

मी तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "काय लिवलं होतं?"

मी शब्दन् शब्द म्हणून दाखवला.

"अजून एकडाव सांग."

पुन्हा सांगितलं. ती पदराने डोळे पुसत हसली, अगदी दहावीतल्यासारखी लाजून. तिने मला माफ केलं की नाही, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मुलगी मात्र रोज येते.

हे पत्र कुठे धाडणार? पण खरं सांगते, सर. तेव्हा मला शरम वाटायला हवी होती. तिला हसताना बघून मला पुन्हा तिचा हेवाच वाटला.